फुफाट्यातले कांचन : खानदेशातील ऑटोमॅटिक घड्याळाची गोष्ट

जुन्या मनगटी घड्याळाचे मागचे झाकण उघडले, की त्याच्या आतल्या अंगावर बऱ्याचदा सुईने कोरलेली बारीक अक्षरे दिसतात. कुठे तारीख, कुठे एखादे आद्याक्षर, कुठे नुसतीच खूण. घड्याळ धुऊन तेल दिल्यावर कारागीर ही नोंद करतो. वर्ष-दोन वर्षांनी गिऱ्हाईक तक्रार घेऊन आले, तर मागचे काम आपले की दुसऱ्याचे, हे त्याला लगेच कळते. जगभरच्या घड्याळजींची ही जुनी रीत आहे. चोपड्यात आणि आसपासच्या गावांत नातेवाइकांची, शेजाऱ्यांची, जुन्या विद्यार्थ्यांच्या घरची घड्याळे उघडून घेऊन गेली काही वर्षे मी या नोंदी वाचत आलो. स्थानिक इतिहासाची साधने म्हटली, की आपण दप्तरखाना, जमाखर्चाच्या वह्या, शिलालेख यांच्याकडे वळतो. नाण्याएवढ्या झाकणाकडे कोणी पाहत नाही. पण या झाकणांनी माझ्यापुढे एक कोडे टाकले. रोज हाताने किल्ली द्यायच्या साध्या घड्याळांच्या झाकणांवर चार-चार, पाच-पाच तारखा असतात. घरातले सर्वांत भारी म्हणून जपलेले ऑटोमॅटिक उघडले, तर बहुधा एखादी तारीख, नाहीतर कोरी पाटी. म्हणजे जे यंत्र रोज मनगटावर राहावे म्हणूनच जन्माला आले, ते आपल्याकडे सर्वांत कमी वापरले गेले.

ऑटोमॅटिक घड्याळ हे किल्ली द्यायचा कंटाळा करणाऱ्यांसाठी काढले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. अशा घड्याळाची कल्पना मुळात जुनी, खिशातल्या घड्याळांच्या काळातली. स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल गावचा अब्राहम-लुई पेर्ले याने केलेल्या घड्याळाविषयी जिनिव्हाच्या एका सभेने १७७७ साली नोंद केली, की माणूस पंधरा मिनिटे चालला तर ते आठ दिवस चालण्याइतके भरते. पण खिशात घड्याळ फारसे हलत नाही, त्यामुळे ती युक्ती दीड शतक कौतुकापुरती राहिली. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी घड्याळ मनगटावर बांधले आणि प्रश्न बदलला. इंग्लंडमधील बोल्टन गावचा जॉन हारवुड हा घड्याळ-दुरुस्तीचा कारागीर. युद्धानंतर त्याच्याकडे जी मनगटी घड्याळे येत, त्यांत बिघाडाचे कारण पुन्हा पुन्हा एकच निघे. किल्लीच्या दांड्याभोवतीच्या फटीतून धूळ आणि ओल आत शिरत होती. रोज किल्ली फिरवायची, म्हणजे रोज ती फट घासून मोठी करायची. हारवुडने ठरवले, किल्लीच काढून टाकू. मग घड्याळ भरणार कसे? हाताच्या हालचालीने. मुलांचा सी-सॉ पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९२३ मध्ये त्याने स्वित्झर्लंडमध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२४ मध्ये ते मिळाले. त्याच्या घड्याळात एक वजन दोन स्प्रिंगांच्या मध्ये इकडून तिकडे आपटत असे. बाहेर किल्लीचे बटण नव्हतेच, काटे जुळवायला काचेभोवतीचे कडे फिरवावे लागे. जागतिक मंदीत त्याची कंपनी १९३१ मध्ये बुडाली. त्याच सुमारास रोलेक्सने पूर्ण गोल फिरणाऱ्या वजनाचे घड्याळ आणले, आणि आज आपण ज्याला रोटर म्हणतो तो रूढ झाला.

सोयीची गोष्ट नंतर आली, आधी होती ती धूळ. खानदेशातल्या वाचकाला धूळ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. चैत्र-वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, काळ्या रानाच्या गाडरस्त्यावर घोट्याएवढा फुफाटा असतो, आणि कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये रुईचे तंतू हवेत तरंगत असतात. हारवुडच्या मनात फ्लँडर्सचे खंदक असतील, पण त्याचे यंत्र जणू आमच्यासाठी होते.

चोपड्याला रेल्वे नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेला असलेल्या या गावाची गाडी धरायची ती धरणगाव, अमळनेर किंवा जळगावला जाऊन. त्यामुळे आमच्याकडे घड्याळाची खरी गरज पडली ती स्टेशनापर्यंतचा वेळ हिशेबात धरणाऱ्यांना : कापसाचा व्यापारी, वकील, मास्तर. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबई शहराने आपली ३९ मिनिटे मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. 'रेल्वे टाइम' हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी इतकी वर्षे टिकला, त्याचे कारण हेच असावे. त्या काळची घड्याळे स्विस, आणि ती मुंबईच्या वेस्ट एंड किंवा फावर-लुबा यांसारख्या पेढ्यांमार्फत येत. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई झाली, आयातीवर बंधने आली, आणि 'फॉरेनचे घड्याळ' ही चोरून आणायची किंवा आखातातून येणाऱ्या पाहुण्याला सांगायची वस्तू झाली.

या पोकळीत एचएमटी आली. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ पासून बंगळूरला यंत्रे बनवत होती. जपानच्या सिटीझनशी करार करून तिने १९६१ मध्ये घड्याळांचा कारखाना काढला. पुढे तुमकूर, श्रीनगर आणि राणीबाग येथेही कारखाने झाले. 'जनता' हे तिचे सर्वांत लाडके अपत्य : हाताने किल्लीचे, १७ खड्यांचे, तासाला १८,००० ठोके देणारे. काहींच्या तबकडीवर देवनागरी आकडे असत. एसटीचा कंडक्टर, प्राथमिक शिक्षक, जिनातला मुकादम, सगळ्यांच्या हातांत हेच. सकाळी चहाआधी पंचवीस-तीस वेळा चावी फिरवायची, की दिवस सुरू. झाकणावरच्या त्या चार-पाच तारखा अशा हातांवरच्या घड्याळांच्या. धूळ शिरायची, घड्याळ अडायचे, मालक बसस्टँडजवळच्या टपरीवर जायचा, कारागीर ते पेट्रोलने धुऊन, तेल देऊन, तारीख कोरून परत करायचा.

एचएमटीची ऑटोमॅटिके आली, तेव्हा त्यांतल्या 'कांचन'ने वेगळेच स्थान मिळवले. सोनेरी मुलामा, वार-तारीख, आणि किल्ली न देता चालणारे. मागणी इतकी, की छापील किमतीपेक्षा जास्त मोजल्याशिवाय ते मिळत नसे. लग्नात जावयाला द्यायची वस्तू म्हणून त्याची देशभर ख्याती झाली. सायकल, रेडिओ आणि घड्याळ हे त्रिकूट आमच्याकडे बोलणीत आधीपासून होतेच. योगायोग असा, की ज्या १९६१ साली घड्याळाचा कारखाना निघाला, त्याच सालचा हुंडा प्रतिबंधक कायदा. कायद्याने रोख रकमेवर डोळा ठेवला तशी मागणी वस्तूंच्या रूपाने आली असे मी म्हणणार नाही, कारण वस्तू पूर्वीही होत्या. पण सरकारी कारखान्यातून निघालेली सरकारी वस्तू हुंड्याच्या यादीत मानाने बसली, हे मात्र खरे.

आमच्याच घरातला एक प्रसंग सांगतो. माझ्या आत्याच्या लग्नात बस्ता बांधून झाला होता, आणि मुलाकडून निरोप आला, की घड्याळ कांचनच पाहिजे. आजोबांनी जनता आणून ठेवले होते. अमळनेरला पाहिले, जळगावला पाहिले, मिळेना. शेवटी मुंबईत गिरणीत असलेल्या एका पाहुण्याने जादा पैसे भरून मिळवले आणि हळदीच्या दिवशी पोहोचते केले. घरातले ते जनता मग मोठ्या काकांनी बांधले, आणि ते शेतात, मोटारसायकलवर, विहिरीवर, सगळीकडे गेले. कांचन मात्र आखाजीला, लग्नसराईत आणि कोर्टाच्या तारखेला बाहेर निघायचे. बाकीचे दिवस ते मखमली डबीत, डबी पत्र्याच्या पेटीत. "किती महागाचं शे, रोज कोन घालीन?" असे फुवाजी म्हणायचे. त्या घड्याळासाठी किती ताण पडला होता, याची आठवण आत्याला सासरी बरीच वर्षे दिली गेली, आणि माहेरी तर ती कोणी विसरलेच नाही.

जपून ठेवणे हे सोन्याच्या बाबतीत शहाणपण आहे. ऑटोमॅटिक घड्याळाच्या बाबतीत ती हळूहळू केलेली हत्या आहे, आणि त्यासाठी आतली रचना थोडी समजून घ्यावी लागते. रोटर हे अर्ध्या भाकरीसारख्या आकाराचे वजन. हात हलला की ते फिरते, दातेरी चाकांतून ती फिरकी मुख्य स्प्रिंगेपर्यंत पोहोचते आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. हाताने किल्लीच्या घड्याळात या स्प्रिंगेचे बाहेरचे टोक डबीला अडकवलेले असते, म्हणून पूर्ण भरल्यावर चावी अडते. ऑटोमॅटिकमध्ये रोटर दिवसभर भरतच राहणार, म्हणून ते टोक अडकवत नाहीत. ते डबीच्या भिंतीला दाबून बसते आणि स्प्रिंग पूर्ण भरली की थोडे घसरते. त्यामुळे ऑटोमॅटिक 'जास्त भरून तुटले' असे होत नाही. साधारण दीड ते पावणेदोन दिवस पुरेल इतकी ताकद त्यात साठते. पेटीत ठेवले, की तिसऱ्या दिवशी ते थांबलेले असते. थांबल्याने ते बिघडत नाही, बिघडते ते तेलाने. चाकांच्या टोकांना लावलेले तेल टिपूसभरच असते. पत्र्याच्या पेटीत दहा-दहा उन्हाळे काढल्यावर ते सुकते, घट्ट होते, चिकटा होतो. मग एखाद्या लग्नाच्या दिवशी घड्याळ हलवून हलवून चालू करतात, आणि ते कोरड्या टोकांवर घासत चालते. रोज वापरणारा माणूस घड्याळ मागे पडले की कारागिराकडे जातो. वर्षातून चार दिवस घालणाऱ्याला ते मागे पडते हे कळतच नाही. कोरे झाकण ते हेच. चोपड्यातले एक वयोवृद्ध कारागीर माझ्यासमोर असे एक कांचन उघडून म्हणाले, "सर, हाई घड्याय पेटीमा ठेवाकरता नही शे." त्याची चाके नव्यासारखी होती आणि टोके झिजलेली.

१९६९ च्या डिसेंबरात सीकोने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले होते. आपल्याकडे ते वारे ऐंशीच्या दशकात पोहोचले. टाटा आणि तामिळनाडू सरकारच्या उद्योग महामंडळाने १९८४ मध्ये टायटन स्थापन केली आणि तिची क्वार्ट्झ घड्याळे दोन-तीन वर्षांत दुकानांत आली. सेल टाकला की वर्षभर पाहायला नको. बोलणीतले घड्याळ बदलले, कांचन पेटीच्या तळाशी गेले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली.

आता पुन्हा तरुण मुले ऑटोमॅटिक विचारू लागली आहेत. माझ्याकडे येणारे दोन प्रकारचे असतात : नवीन घ्यायचे म्हणणारे आणि आजोबांचे चालू करायचे म्हणणारे. दोघांनाही मी आधी एकच विचारतो, रोज घालणार का? नसेल तर क्वार्ट्झ घ्या, त्यात कमीपणा काही नाही. रोज आठ-दहा तास हातावर राहणार असेल तरच ऑटोमॅटिकला अर्थ आहे. त्यातही तुमचे काम काय, हे पाहावे लागते. शेतात, दुकानात उभे राहून काम करणाऱ्याचे घड्याळ संध्याकाळपर्यंत सहज भरते. दिवसभर गादीवर बसून हिशेब करणाऱ्याचे किंवा निवृत्त माणसाचे पहाटे थांबते, आणि तो ते बिघडले म्हणून घेऊन जातो. अशाने बटणाने हातानेही भरता येणारे यंत्र निवडावे. सीकोचे पुष्कळ वर्षे चाललेले ७एस२६ हे यंत्र हाताने भरता येत नाही, त्याच घराण्यातले एनएच३५ येते. सिटीझन गटाच्या मियोटाचे ८२१५ हेही येते. ही नावे तबकडीवर नसतात, पण दुकानदाराला विचारली तर सांगता आली पाहिजेत. मला ती महत्त्वाची वाटतात, कारण या यंत्रांचे सुटे भाग मिळतात आणि पुष्कळ कारागिरांचे हात त्यांवर बसलेले आहेत. चोपड्यातून दुरुस्तीसाठी जळगावला नव्हे, थेट परदेशी धाडावे लागेल असे देखणे यंत्र रोजच्या वापराला काय कामाचे?

खोक्याबद्दल बोलायचे, तर आमच्या हवेत मुलाम्याचे खोके टिकत नाही. जुन्या एचएमटींचे खोके बहुतेक पितळी, वर क्रोम किंवा सोनेरी मुलामा. घामाने पट्ट्याजवळचे कान आधी खाल्ले जातात. स्टीलचे खोके, आट्यांनी बसणारे मागचे झाकण आणि निदान पाच बारची पाण्याची खात्री एवढे पाहावे. ही खात्री थंड, स्वच्छ पाण्याची असते, हे विसरू नये. अडावदजवळच्या उनपदेवला गरम झऱ्याखाली घड्याळासकट बसणारे लोक मी पाहिले आहेत. गरम पाण्याने रबरी कडी सैल होते आणि काचेआड वाफ धरते. मग ते तांदळाच्या डब्यात घालतात. तांदळाने काही होत नाही, त्याच दिवशी झाकण उघडून घ्यावे.

उष्णतेने घड्याळ पुढे-मागे होईल ही भीती मात्र जुनी झाली. तापमानाने फारशी न बदलणारी मिश्रधातू शोधल्याबद्दल शार्ल-एदुआर गिय्योम यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि त्याच वाटेने पुढे केसासारखी बारीक स्प्रिंग सुधारली. आमच्या पंचेचाळीस अंशांत वेळ फारशी ढळत नाही, तेल मात्र पसरते. दिवसाला वीस सेकंद पुढे-मागे हे साध्या ऑटोमॅटिकला शोभणारे आहे. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले, तर सव्वाचार हजार सेकंदांत एकाची चूक. रात्री काढून ठेवताना तबकडी वर करून किंवा बटण वर करून ठेवून पाहावे. एका स्थितीत घड्याळ थोडे पुढे जाते, दुसऱ्या स्थितीत मागे, आणि आठवडाभरात कुठली स्थिती दिवसाची चूक भरून काढते ते कळते. अचानक मिनिटांनी पुढे जाऊ लागले, तर बहुधा स्पीकरशेजारी ठेवल्याने चुंबकत्व चढलेले असते. ते कारागीर मिनिटभरात उतरवतो, तेवढ्यासाठी सर्व्हिसिंगचे पैसे देऊ नयेत. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान बटणाने तारीख बदलू नये, त्या वेळी तारखेचे चाक यंत्राच्या दातांत गुंतलेले असते.

सर्व्हिसिंग चार-पाच वर्षांनी, असे सगळे सांगतात. जिनिंगमध्ये, पिठाच्या गिरणीत किंवा ट्रॅक्टरवर काम करणाऱ्याने माझ्या मते तीनच धरावीत. तेलात बारीक धूळ मिसळली की ते तेल राहत नाही, पॉलिश-पेपर होते. काम देताना एक प्रश्न विचारावा : स्प्रिंगेच्या डबीला कुठले ग्रीस लावता? ते घसरणारे टोक भिंतीला धरून राहावे म्हणून तिथे वेगळे ग्रीस लागते. साधे तेल लावले तर ते लवकर घसरते, घड्याळ पुरते भरतच नाही, आणि रात्रीत थांबते. जनता दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेल्या चांगल्या कारागिरांकडूनही हे सुटते, कारण जनतामध्ये त्याची गरजच नव्हती.

आजोबांचे कांचन चालू करायचे म्हणणाऱ्यांना मी आधी हलवून पाहू नका असे सांगतो. थांबलेले आहे तसेच न्यावे, धुऊन तेल दिल्यावरच रोटर फिरू द्यावा. तबकडी डागाळली असेल तर राहू द्यावी. बाजारात 'नवी एचएमटी' म्हणून जी चकचकीत, लाल-निळ्या-हिरव्या तबकड्यांची घड्याळे विकली जातात, त्यांतल्या बऱ्याच तबकड्या अलीकडे छापलेल्या आणि आतली यंत्रे दोन-तीन जुन्या घड्याळांतून जुळवलेली असतात. अक्षरे जाडी-भरडी, तारखेची खिडकी छापलेल्या चौकटीशी न जुळणारी, झाकणावर एक नाव आणि तबकडीवर दुसरे, एवढे पाहिले तरी पुष्कळ उमगते.

सुट्या भागांचा प्रश्न दरवर्षी अवघड होत आहे. कारखाना बंद, त्यामुळे कांचनचे भाग मिळतात ते दुसऱ्या कांचनमधूनच. जुन्या कारागिरांकडे डब्यांत भरलेली मेलेली घड्याळे असतात, त्यांतून चाक, दांडा, रोटरचा स्क्रू शोधून काढतात. पेटीत राहिलेली घड्याळे या डब्यांत आली, तर त्यांची चाके नव्यासारखी निघतात. माझ्या आत्याच्या सासरचे कांचन तिच्या नातवाने असेच भागांसाठी देऊन टाकले. त्याचा रोटर आज अडावदच्या एका शिक्षकाच्या हातात रोज फिरतो.